पाण्याची पातळी

सिगारेटी पाकिटातून काढून सुट्या द्यायच्या.
ती ओढत नाही, पण आत तेच नाणं चालतं.
चहा पारदर्शक पिशवीत ओतायचा.
साबण ते स्वतःच कापतात, मधोमध,
आत काय सापडतं त्यांना कुणास ठाऊक.
हे सगळं मी आता झोपेतसुद्धा सांगेन.

तीस वर्षं मिन्स्कच्या ट्रॉलीबसच्या मोटारी खोलल्या,
राजकारणाच्या वाटेला गेलो नाही.
आपण बरं, आपलं काम बरं
हे मी यादविहाला जेवताना इतक्यांदा ऐकवलं
की चमचा खाली ठेवून
ती माझ्याआधीच वाक्य पुरं करायची.

जलविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला होती.
रबरी बूट घालून पुलाखाली उतरायची,
स्विसलाचच्या काठावरची रंगवलेली पट्टी वाचायची
आणि वहीत आकडा लिहायची.
त्यात काय बघायचं रोज, मी म्हणायचो.
रोज बघितल्याशिवाय कसं कळणार, ती म्हणायची.

ऑक्टोबरात पाच जण विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभे राहिले,
नाव काढून टाकलेल्या मुलांची यादी
मोठ्यानं वाचायला.
सत्तावीस नावं होती.
ती एकोणिसाव्यापर्यंत पोचली.

अडीच वर्षं लिहिताना न्यायाधीशबाईंचं पेन अडलं.
त्यांनी दुसरं मागितलं.

आता होमेलला शिवते.
ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याच गणवेशांच्या बाह्या.
हिच्यावर नजर ठेवा म्हणून
छातीवर पिवळी पट्टी.
लहानपणी सुईत दोरा ओवायला
आईला हाका मारायची. आई गेली त्याला सात वर्षं झाली.

पहिल्या पत्रात काय लिहावं सुचेना.
पान्याला सवयीचा हात, पेन बोटांत राहत नाही.
शेवटी पुलाखाली उतरलो आणि लिहिलं:
आज एकशे बारा सेंटिमीटर.
तिचं उत्तर महिन्यानं आलं.
बाबा, तुमच्या पत्राला
एक छोटी खिडकी पडून आली.

आकडे म्हणजे काहीतरी खूण असणार,
ब्लेडवाल्याला वाटलं असेल.
मग शब्दांत लिहू लागलो.
पाणी आज हिरव्या दगडाला टेकलं.
बर्फ फुटला, मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याच्या
स्टुलाचे पाय भिजले.
बदकीण सहा पिल्लं घेऊन आली.
(सहा कापलं. बदकीण पोचली.)

फेब्रुवारीपासून पत्र नाही.
खिडकीवरची बाई म्हणते, पत्रं बंद आहेत.
का, ते सांगत नाही.
पार्सल मात्र दोनदा परत आलं,
साबण अख्खा.

मी तिची वही काढली.
तिच्या शेवटच्या आकड्याखाली माझा लिहिला.
तिचा एक चिमणीसारखा, माझा खिळ्यासारखा.
तिचे बूट मला होत नाहीत, नवे घेतले.
शेजारची झिनाइदा विचारते,
त्यात काय बघायचं रोज?
मी हसतो. माझंच वाक्य
दुसऱ्याच्या तोंडी किती मूर्ख वाटतं.

परवा पुलावरून एक पोलीस खाली उतरला.
कोवळा होता, ओठांवर नुसती लव.
बाहीची शिवण माझ्या नजरेसमोर होती,
टाके सरळ, बारीक.
काय लिहिताय?
आकडे.
कशाचे?
पाण्याचे.
कुणासाठी?

आपण बरं, आपलं काम बरं
ओठांपर्यंत आलं होतं.
मी नाव सांगितलं. आमच्याकडे मुलीच्या नावामागून
बापाचं नाव येतं:
यादविहा विकेन्त्सेवना.
त्यानं पुन्हा विचारलं,
मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.
वर पुलावर दोन बायका थांबल्या.

या गडबडीत त्या दिवसाची पातळी
बघायचीच राहिली.
वहीत तेवढी एक ओळ कोरी आहे.
ती आली की रागावेल.